सात जणांची चव

मला डॉक्टर स्ट्रँडच्या तोंडून फक्त एक वाक्य काढून घ्यायचं होतं, तेही भर सभेत. त्यासाठी मी चौदा महिने दातओठ खात थांबले.

माझा भाऊ रेनो अमेरिकेतल्या डलूथ शहराबाहेर, सरोवराच्या काठी, धुरावर मुरवलेले मासे विकायचा. एकतीस वर्षं. मिठाच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा आणि सांगायचा, मूठभर कमी आहे. साठी उलटल्यावर पायांतली ताकद गेली, तेव्हा त्याने आमच्या विद्यापीठाचं पत्रक वाचलं. उतारवयात झिजणाऱ्या स्नायूंसाठी नवी गोळी, चाचणीला माणसं हवी आहेत. तो गेला. पाचव्या आठवड्यात त्याची चव गेली. कॉफी आणि कोमट पाणी त्याला सारखंच लागायला लागलं. चाचणीचा मुख्य डॉक्टर स्ट्रँड म्हणाला, "वय झालं, रेनो. जिभेलाही वय असतं." रेनोने आधी चाचणी सोडली, मग धुराची खोली बंद केली. भेटेल त्याला सांगायचा, मी म्हातारा झालो. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी त्याच विद्यापीठात नोकरी करते. डॉक्टरांचे शोध साध्या माणसांना समजतील असे लिहून द्यायचे, हे माझं काम. पत्रकं, बातम्या, सगळं. नियम एकच: सहावीतल्या मुलाला कळणार नाही ते पानावर ठेवायचं नाही.

स्ट्रँडचा या चाचणीवरचा शोधनिबंध छापून आला. गोळीने पायांची ताकद 'लक्षणीय' वाढली होती आणि सात जणांनी 'वैयक्तिक कारणांमुळे' माघार घेतली होती. सहावीतलं मूल विचारणारच, कसली कारणं? म्हणून मी निबंधाला जोडलेले तक्ते उघडले. ते सहसा कोणी उघडत नाही. एकेचाळिसाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, सापडलं. खरी गोळी घेणाऱ्या साठ जणांपैकी सात जणांची चव गेली होती, आणि सोडून गेलेले ते हेच सात. नुसती साखरेची गोळी घेणारेही साठच होते, त्याच वयाचे. त्यांच्यात एकाचीही चव गेली नव्हती. आणि लक्षणीय म्हणजे किती, तर खुर्चीतून पाच वेळा उठायला दीड सेकंद कमी लागला.

मी एक पान लिहिलं. सगळं त्याच्याच तक्त्यांतलं, पदरचं काही नाही. आमच्याकडे चाचणी संपली की असं पान भाग घेतलेल्यांना द्यावं लागतं, आणि मुख्य डॉक्टरला ते गावच्या वाचनालयात मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. त्याआधी त्यावर त्याची सही लागते.

शुक्रवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना मी त्याच्या खोलीत गेले. मुद्दामच. घरी निघायच्या घाईत त्याने कोट चढवला होता.

"आर्डिस, हे ते सोप्या भाषेतलं ना?"

"हो. एकदा नजरेखालून घाला, डॉक्टर."

"माझंच संशोधन मला सोपं करून वाचायला लावतेस?" तो हसला आणि त्याने सही ठोकली. "आजीबाईंना कळलं की झालं."

कळेल, मी मनात म्हटलं. चांगलंच कळेल.

पुढच्या शनिवारी दुपारी वाचनालयाचं सभागृह भरलं. रेनोला मी जवळजवळ ओढत आणलं होतं. स्ट्रँड वाचायला लागला. आवाज छान आहे त्याचा, आणि ते त्याला ठाऊकही आहे. दीड सेकंदाशी तो जरा अडखळला. मग "साठपैकी सात जणांची" इथवर आला आणि थांबला. मान वर करून त्याने मला शोधलं. मी पहिल्याच रांगेत होते.

"पुढचा भाग जरा तांत्रिक आहे, तो आपण नंतर..."

"वाचा की," मागून एक म्हातारी बाई म्हणाली. "आत्ताच तर कुठे समजायला लागलं होतं."

त्याने वाचलं. सात जणांची चव गेली, म्हणून त्यांनी चाचणी सोडली. चव वयामुळे नव्हे, गोळीमुळे गेली असावी.

ती बाई उभी राहिली. "सातांतली एक मी. मला म्हणाला होतात, वय झालं." खिडकीपाशी एका माणसाने मुकाट्याने हात वर केला. मग रेनो उठला.

"डॉक्टर, म्हणजे माझं वय नव्हतं?"

"नसावं."

"नसावं की नव्हतं?"

स्ट्रँडची मान लाल झाली होती. "नव्हतं," तो म्हणाला.

मला आसुरी आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. त्याचा पडलेला चेहरा मी डोळे भरून पाहून घेतला.

बाहेर ट्रकमध्ये बसल्यावर रेनोने पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. चाचणीचं जुनं पत्रक होतं. तिसऱ्या ओळीवर त्याने बोट ठेवलं: 'या गोळीचा विशेष त्रास होत नाही.'

"आर्डी, हे कोणी लिहिलं?"

"मी. त्याने सांगितलं तसं."

"याआधी एक छोटी चाचणी झाली होती म्हणतात. तिचेही तक्ते असतील ना?"

"असतील."

"तेव्हा उघडले होतेस?"

मी मान हलवली. उघडले नव्हते.

"मला एका वाचनात समजलं होतं," रेनो म्हणाला. "सोपं लिहितेस तू."

त्याने पत्रक माझ्या मांडीवर ठेवलं आणि ट्रक सुरू केला.