सैल झाकणं

सून बरण्यांची झाकणं लावत नाही, नुसती वर ठेवते. त्यामुळे साखरेला मुंग्या, मीठ ओलं, आणि आज तर डाळीचा डबा झाकणाला धरून उचलला तशी सगळी डाळ फरशीवर. गोळा करता करता म्हातारीने घर डोक्यावर घेतलं. "जगाचे सांधे जागेवर आणते म्हणे, आणि हिला एक झाकण बसवता येत नाही."

"चुकलं, आई," म्हणत सून झाडू घेऊन आली. उलट उत्तर देत नाही, हा सुनेचा आणखी एक अवगुण. धड भांडायलाही माणूस नाही घरात.

सून फिजिओ. दवाखान्यात दिवसाला बारा-चौदा पेशंट, कुणाची कंबर तर कुणाची मान, आणि त्याआधी घरी वीस मिनिटं सासूचा खांदा. तो असा आखडला होता की म्हातारीला स्वतःची वेणी घालता येईना. चार महिने सुनेने तो अंगठ्यांनी दाबून दाबून मोकळा केला. हल्ली मात्र ती अंगठ्याऐवजी कोपर लावायची.

"कोपराने काय रेटतेस? मी माणूस आहे की गादी?" म्हातारी म्हणायची. अंग चोरते पोरगी, दुसरं काय.

खरं तर खांदा महिन्यापूर्वीच बरा झाला होता. घरात कुणी नसलं की म्हातारी वरच्या फळीवरचा डबा सहज काढायची. सकाळी मात्र सून "हात वर न्या" म्हणाली की अर्ध्यात थांबून कण्हायची. मुलगा पेपराआडून हुं म्हणण्यापुरता. दिवसभरात जवळ बसून विचारपूस करणारी ही एकटीच, तीही वीस मिनिटं. बरी झाले म्हटलं की तीही गेली.

डाळीच्या गडबडीत सून जेवणाचा डबा विसरून गेली. म्हातारी तो घेऊन दवाखान्यात पोचली, तर पडद्याआड सुनेचाच आवाज.

"बर्फ अजून दोन मिनिटं राहू दे. अंगठा नुसता ठणकतोय."

"सरांना सांग की," तिच्या बरोबरीची म्हणत होती. "दोन महिने नुसते व्यायाम करून घे, दाबायचं काम बंद."

"आणि माझे पेशंट दुसऱ्याला गेले म्हणजे? अंगठ्यात जोर नसलेल्या फिजिओला कोण ठेवतं?"

"मग घरचं तरी थांबव."

"आईंचा खांदा अजून अडकतो गं. अर्धवट कसा सोडू?"

बरणीचं झाकण, मीठ, डाळ, कोपर. सगळं एकदम म्हातारीच्या ध्यानात आलं. क्षणभर वाटलं, डबा बाकावर ठेवावा आणि आल्या पावली परतावं. पण पळून जाणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने पडदा सारला, आणि आखडलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या खांद्याचा तोच हात तसाच वर नेऊन कानाला टेकवला.

सुनेने आधी खांदा पाहिला, मग तोंड. सवयच ती.

"कधीपासून, आई?"

"महिना झाला."

"मग रोज कण्हत होतात ते?"

"बसायचीस ना जवळ."

सुनेचे डोळे भरले. बर्फाच्या वाडग्यातला तिचा अंगठा लालबुंद, बुडाशी सुजलेला. बरोबरीची उगाच चिकटपट्टी गुंडाळत राहिली. म्हातारीने डबा टेबलावर आपटला.

"मी खोटारडी, ते घरी बघू. आधी तुझं. दुखणं लपवू नका म्हणून दिवसभर लोकांना दटावतेस, आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान. फिजिओ तू लाखात एक आहेस, पेशंट मात्र अगदी टाकाऊ. आत्ता सरांकडे जायचं, मी बाहेर बाकावर बसते, सांगितल्याशिवाय उठणार नाही. सकाळची वीस मिनिटं तशीच राहतील, फक्त बर्फ मी धरीन. आणि झाकणं आजपासून मी लावणार. उघडायला तुझ्या नवऱ्याला सांग, त्याचे अंगठे कोरे करकरीत आहेत."