शिडीवरची बाई

मास्तरांनी आपल्या बायकोला दहापैकी दोन गुण दिले. बरं, ते झालंच नाही असं धरू आणि सकाळपासून सुरुवात करू, कारण सकाळी घरात अजून थोडी आशा होती.

मास्तर म्हणजे चौतीस वर्षं जुनी कविता शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. गेल्या वर्षभरात त्यांच्या डोक्यातली माणसं एकेक करून निघून गेली. रूपकं मात्र ठाण मांडून बसली. मुलगा परीक्षा मंडळात जुन्या कवितांना तळटीपा लिहायचा, म्हणून घरात त्याचं नावच तळटीप पडलेलं. मास्तरांना तो मंडळाचा माणूस वाटे. त्यानं चहा दिला की ते त्याला पोच लिहून देत.

रोज उठल्यावर मास्तर एकच स्वप्न सांगत. केसांत पेन्सिल खोचलेली एक बाई शिडीवर चढून माळ्यावरची पुस्तकं खाली टाकते आहे. मग अर्थही तेच लावत. शिडी म्हणजे साधना, पुस्तकं म्हणजे संचित, बाई म्हणजे जीव. जुन्या कवितेत बाई ही बाई नसतेच, हे त्यांनी कित्येक वर्गांच्या गळी उतरवलं होतं.

तळटीपची आई समोर बसून ऐकायची. केसांत पेन्सिल खोचून.

ती मीच, असं तोंडी सांगून ती थकली होती. त्या सकाळी तिनं तळटीपला सांगितलं की आज लेखी देते, लेखी असलं की ते निदान वाचतात. तिनं पानभर लिहिलं. घर बदललं तेव्हाची ती शिडी, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. सहावं पुस्तक म्हणजे जाडजूड शब्दकोश, तो यांच्या नाकावर पडला. हे मला वाट्टेल ते बोलले आणि संध्याकाळी नाकाला पट्टी लावून स्वतःच हसत सुटले. खाली रेघ मारून तिनं लिहिलं: ती बाई मी आहे.

मास्तरांनी पान दोनदा वाचलं. त्यांचं बोट नाकावरच्या जुन्या व्रणावर गेलं, तिथंच थांबलं. मग मास्तरांनी लाल पेन मागितलं.

"थेट अर्थ घेतलात, बाई," ते अगदी मायेनं म्हणाले. "अक्षर छान आहे. त्याचे दोन."

"आणि उरलेले आठ?"

"ते रूपक कळणाऱ्याला."

"बेचाळीस वर्षं एकाच वर्गात बसले, तरी नापास," असं म्हणून आई कप घेऊन आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. कप दोनच होते.

तळटीपनं कागद ओढला. त्याला तेवढंच येत होतं.

"प्रति, मा. सचिव, परीक्षा मंडळ. विषय: उत्तरपत्रिकेची फेरतपासणी. महोदय, सदर परीक्षक व परीक्षार्थी बेचाळीस वर्षं एकाच घरात राहत असून परीक्षक परीक्षार्थीस ओळखत नाहीत. ही बाब निःपक्षपातीपणाच्या नियमास धरून असली, तरी 'स्वप्नातील स्त्री' या प्रश्नाच्या आदर्श उत्तरात 'बायको' हा अर्थही ग्राह्य धरावा, आणि तसा आदेश परीक्षकांना उद्या सकाळी, ते जागे होण्यापूर्वी बजावावा, ही नम्र विनंती."