कुणी रद्द न केलेला हुकूम

शाळेच्या फाटकाशी बस उभी होती, इंजिन चालू होतं आणि फौजीकाका स्टिअरिंगवर मान टाकून झोपले होते. मागे एकवीस मुलं! कुणाला खरचटलंही नाही. पण जाग येताच काकांनी बसची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"माझ्या भरवशावर मुलं सोडू नका," एवढंच म्हणाले.

कुणी तक्रार केली नव्हती, हे लक्षात घ्या. अशी माणसं आता शोधून सापडत नाहीत. स्फोटात पाठ मोडली म्हणून काका फौजेतून घरी आले, पण कुणी त्यांना कण्हताना ऐकलं नाही. गेली नऊ वर्षं ही बस म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

घरी काकूंनी सरबत्ती सुरू केली. "त्या दुखण्याच्या गोळ्या! जेवताना पेंगता, बोलता बोलता डोळे मिटता. मी काही म्हटलं की उखडता!"

काका उखडले नाहीत. उठले आणि गोळ्यांचा डबा कचऱ्याच्या बादलीत टाकला. "संपला विषय."

विषय कसला संपतोय! दुसऱ्या दिवशी अंगाला कापरं भरलं, कपडे घामाने भिजले, पाठीत तर आग पेटली. काकूंनी डबा शोधून घेतला आणि काकांना रिक्षात घालून दवाखाना गाठला. तिथल्या सिस्टरनी उमेदीची वर्षं फौजी इस्पितळात काढली होती.

"काका, या गोळ्या कुणी सुरू केल्या?"

"मोठ्या डॉक्टरसाहेबांनी. अकरा वर्षं झाली. म्हणाले, सकाळ-संध्याकाळ एक, चुकवायची नाही. मी एकदाही चुकवली नाही. पुढे दुखणं दबेना, तेव्हा नव्या डॉक्टरांनी दोन केल्या, मग तीन."

"आणि थांबवायच्या कधी, हे कोण बोललं?"

"साहेबांची बदली झाली," काका म्हणाले.

"म्हणजे पहाऱ्यावर उभं करून तुम्हाला सगळे विसरले आणि तुम्ही अकरा वर्षं जागा सोडली नाहीत!"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी व्यसनी झालो का, सिस्टर?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही वागलात. शरीराला सवय लागली, त्यात लाज कसली? चूक झाली ती काल. ठाणं असं एका रात्रीत सोडतात का? आधी मागे जायची वाट हेरतात, मग टप्प्याटप्प्याने मागे येतात. परत कधी मनाने बंद करू नका!"

ही भाषा काकांना कळली. डॉक्टरांनी त्या दिवशी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि थोड्या थोड्या कमी करण्याचा आराखडा आखला. जोडीला पाठीचे व्यायाम आणि पोहणं. काही आठवडे इतके वाईट गेले की काका भिंतीकडे तोंड करून बसायचे. पण आता "दुखतंय" असं तोंडाने म्हणायचे. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं शौर्य तेच!

चौदा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून गोळी नाही."

काका दारात ताठ उभे राहिले. "साहेब, पहिला हुकूम तोंडी होता. हा लेखी द्या."

डॉक्टर हसले, पण कागदावर लिहून सही केली. पाठ आजही दुखते. बस मात्र पुन्हा काकांच्या हाती आहे आणि तो कागद काचेपाशी चिकटवलेला आहे.

मित्रहो, तुमच्याही घरात असं एखादं सोसणारं, आज्ञाधारक माणूस असेल. त्याचं औषध मनाने बंद करू नका, पण त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ही गोळी कुठवर? आपण विचारलं नाही, तर ते बिचारं पहाऱ्यावर उभंच राहील.