डावा तळहात

आमच्या घरात भांडण एकच आहे, आणि ते माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला नवरा. मी मधे बसून भाकरी थापते आणि ऐकते. तू कुणाच्या बाजूची, असं पाथरीत मला पुष्कळ जणींनी विचारून पाहिलं. मी गॅसवर दूध आहे म्हणते आणि आत निघून जाते.

माझे यजमान शिवकुमार ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. सासूबाईंचं नाव उमादेवी, त्यांना मी आत्याबाई म्हणते. आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणी दीक्षा होते आणि गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग येतं, ते मरेपर्यंत अंगावरच राहतं. सकाळी अंघोळ झाली की डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म-बेल वाहायचा, आणि मगच तोंडात घास घालायचा. सरांनी बारावीत असताना स्वतःचं लिंग काढून ठेवलं. हा दगड आहे आणि मला भूक लागली आहे, असं ते म्हणाले होते म्हणे. तेव्हापासून हा वाद.

सरांचा एक स्वभाव सांगायला हवा. ते खोटं बोलत नाहीत. प्रॅक्टिकलला पोरं उत्तर आधी बघून आकडे जुळवून लिहितात, तर सर वही खिडकीतून बाहेर भिरकावतात. ‘जे आलं ते लिहा, चुकीचं आलं तरी तेच लिहा,’ हे त्यांचं ठरलेलं. आमच्या लग्नात माझ्या मावशीनं कौतुकानं विचारलं, जेवण कसं झालं, तर यांनी वरणात मीठ कमी असल्याचं सांगितलं. मावशी अजून आमच्याकडे येत नाही. मला त्यांचा हा गुण आवडतो आणि त्याचा तापही होतो.

मागच्या वर्षी आत्याबाईंचं पोट फुगायला लागलं. आधी गॅस म्हणून ओवा खाऊन झाला. मग परभणीला नेलं, सोनोग्राफी केली, तर पोटात गाठ निघाली, चांगली नारळाएवढी. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. ऑपरेशन लवकर करू, उशीर केला तर गाठ आतल्या आत पिळवटेल आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. आत्याबाई तयार झाल्या. भीती अशी त्यांना नव्हतीच. मग नर्स म्हणाली, अंगावरचं सगळं काढून ठेवायचं, आजी. बांगड्या, जोडवी, गळ्यातली ती डबीसुद्धा.

"ते न्हाई निघायचं," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. विजेच्या सुरीनं कापतात, अंगावर धातू असला तर तिथं भाजतं. आत्याबाई म्हणाल्या, डबी काढते, नुसतं लिंग फडक्यात बांधून ठेवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत बाहेरचं फडकंही चालत नाही आणि दगडही चालत नाही, जंतू जातात. आत्याबाईंनी ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बोट केलं. दारावर दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि वर झेंडूचा वाळका हार लोंबत होता.

"तुमचा देव चालतंय व्हय आत? माझाच न्हाई चालत?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण बधल्या नाहीत. आत्याबाई उठल्या, चपला घातल्या आणि एसटी स्टँडकडे चालायला लागल्या. आम्ही पिशव्या घेऊन मागे.

पुढचे दिवस घरात फार वाईट गेले. सर रोज रात्री जेवताना त्यांना शिकवायला बसायचे. जंतू म्हणजे काय, वीज अंगातून कशी जाते, सगळं. "आई, तू ऐकायलीस का? दगडासाठी जीव देणार आहेस तू?" आत्याबाई ऐकून घ्यायच्या. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "लिंग अंगावेगळं झालं की मी मेलेच. मग मेलेल्या बाईचं पोट फाडून काय करणार हाईत ते?" सर ताट सरकवून उठायचे. मला दोघांचाही राग यायचा. एकीला मरण दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला आई दिसत नव्हती. पोट तर रोज डोळ्यांपुढे वाढत होतं.

शेवटी मीच मठातल्या वीरभद्र स्वामींना बोलावलं. सरांना न विचारता. स्वामी आले, चहा प्याले, सगळं ऐकून घेतलं. सर दारात उभे राहून हाताची घडी घालून बघत होते. स्वामी म्हणाले, "उमाबाई, लिंगाची जागा कुठं? तळहातावर. पूजेला आपण गळ्यातून काढतोच की हातावर. मग तुमचं ऑपरेशन होईपर्यंत ते तुमच्या रक्ताच्या माणसाच्या डाव्या तळहातावर ऱ्हाऊ द्या. निसतं खाली टेकवायचं न्हाई. तुमी बाहेर आलात की परत तुमच्या गळ्यात." हे कुठल्या पोथीत आहे की स्वामींनी चहा पिता पिता काढलं, मला माहीत नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडले.

आत्याबाईंनी विचार केला आणि मान हलवली. "शिवा धरंल," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आत्याबाई, मी धरते की. माझ्या गळ्यात लिंग आहे, मला सवय आहे. रक्ताचं नातं म्हणाल तर मी तुमच्या भावाचीच मुलगी. यांचा तर विश्वासच नाही.

"तुझ्यापाशी तुझं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "त्याचा हात रिकामाच हाय."

सरांनी लगेच कबूल केलं. आई ऑपरेशनला तयार होत असेल तर मी विटाही धरून बसेन, असं ते नंतर मला म्हणाले. पण आईसमोर तसं म्हणाले नाहीत, एवढी अक्कल त्यांना त्या दिवशी सुचली.

ऑपरेशनच्या दिवशी आत्याबाईंनी थिएटरच्या दाराशी, हिरव्या गाऊनमध्ये, स्वतः डबी उघडली. लिंग काढून सरांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं मिटवली. "खाली ठिवू नको रं," एवढंच बोलल्या. पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. मग स्ट्रेचर आत गेलं.

आम्ही बाहेर स्टीलच्या खुर्च्यांवर बसलो. सर नीट धरून होते, हे मी सांगायलाच पाहिजे. गुडघ्यावर डावा हात, वर उजव्या हाताची ओंजळ. नाकाला खाज आली तर खांद्याला घासायचे. थोड्या वेळानं मला औषधाची चिठ्ठी मिळाली, म्हणून मी खाली मेडिकलमध्ये गेले. तिथं गर्दी होती. वर आले तर सर खुर्चीवर नव्हते. खुर्चीवर त्यांचा रुमाल होता आणि रुमालावर आत्याबाईंचं लिंग होतं.

झालं ते असं. आमच्याकडच्या दवाखान्यांत रीत आहे, काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवतात. नर्सनं दार उघडून सरांना हाक मारली. ट्रेमध्ये गाठ होती. सरांचं कुतूहल मला ठाऊक आहे. ते पुढे झाले असणार आणि दोन्ही हातांनी मोबाईल धरून फोटो काढला असणार. मग नर्सनं गाठीचा तुकडा घातलेली औषधाची बरणी त्यांच्या हातात दिली, ही पुढच्या चौकातल्या लॅबमध्ये तपासायला पोचवा, सांडू देऊ नका. बरणीला दोन हात लागतात. सर तसेच जिना उतरून रिक्षात बसले. मी मेडिकलच्या गर्दीत होते, मला दिसलेही नाहीत.

मी लिंग उचलू शकत होते. ते उचलून माझ्या तळहातावर घेतलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. मी उचललं नाही. शेजारच्या खुर्चीवर बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. आत आत्याबाईंचं पोट उघडं होतं. मला वाटतं, मलाही बघायचंच होतं काय होतं ते.

काही झालं नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, सगळं छान झालं म्हणाल्या, आणि त्यांच्यामागून स्ट्रेचर आलं. आत्याबाई घोरत होत्या. मागोमाग सर जिन्यातून धापा टाकत वर आले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लिंग उचललं. आधी त्यांचा चेहरा पडला. मग हळूहळू उजळला.

"धनश्री, हे इथंच होतं? एवढा वेळ?"

"इथंच होतं."

"तू हात लावला नाहीस?"

"नाही."

"मग झालंच की सिद्ध," ते म्हणाले. ते कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लागले. "मी एवढी वर्षं काय सांगतोय? आता तर तिच्याच अंगावर बघितलं आपण. शुद्धीवर आली की पहिलं हे सांगतो. वादच मिटला." इतका आनंदी माणूस मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

संध्याकाळी आत्याबाईंनी डोळे उघडले. पाणी मागितलं नाही, गाठीचं विचारलं नाही. हात छातीवर चाचपायला लागला. सरांनी त्यांच्या तळहातावर लिंग ठेवलं. त्यांनी ते घट्ट धरलं आणि सरांकडे बघितलं.

"खाली ठिवलं न्हाईस ना, शिवा?"

सरांनी तोंड उघडलं. मी पलंगाच्या दांड्याला धरून उभी होते.

"नाही," सर म्हणाले.

आत्याबाईंनी डोळे मिटले आणि त्यांच्या कानशिलावरून पाणी वाहिलं. सर खोलीबाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला त्यांची दया आली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते उत्तर माणसाला मिळालं, आणि ते कुणाला दाखवायची सोय राहिली नाही.

पुढचा तमाशा विचारू नका. आत्याबाई घरी आल्या आणि येईल त्या बाईला सांगायला लागल्या, माझ्या शिवानं हातावर धरलं म्हणून मी जित्ती हाय. मठात अमावास्येला स्वामींनी सरांना शाल घातली. सर शाल घेऊन अशा तोंडानं उभे होते की मला मागच्या रांगेत पदर तोंडाशी धरावा लागला. त्यांच्याच कॉलेजातले बजरंग सर मुद्दाम फोटो काढायला आले होते. मी म्हटलं, सांगून टाका आता खरं. सर म्हणाले, "टाके तरी सुकू दे." टाके सुकले, पुसटही झाले. सांगायचं राहिलं. घरातला वाद मात्र बंद पडला, आणि खरं सांगते, मला तो आवाज नसलेला आवडला नाही.

गेल्या महिन्यात आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. दवाखाना दुसरा, नर्स दुसरी. डबी बघून नर्स म्हणाली, "असू द्या आजी गळ्यात, डोळ्याला काय होतंय त्याचं." मी मनातल्या मनात सुटले. पण आत्याबाईंनी स्वतःच डबी उघडली आणि लिंग सरांच्या हातावर ठेवलं.

"कशाला, आई? ती चालतं म्हणायली की."

"ऱ्हाऊ दे तुझ्या हातात," आत्याबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

सर बाकावर बसले. डावा हात गुडघ्यावर, वर ओंजळ. चहावाला आला, ते नको म्हणाले. डाव्या खिशातला फोन वाजून वाजून थांबला. मागच्यापेक्षा लहान ऑपरेशन म्हणतात, पण रांग मोठी होती आणि त्यांच्या मनगटाला रग लागलेली मला दिसत होती. बाकावर आम्ही दोघंच होतो.

"ठेवा की पिशवीवर," मी म्हणाले. "मागच्या वेळी ठेवलं होतं, काय झालं?"

"काही झालं नाही. आत्ताही होणार नाही."

"मग?"

"बाहेर आली की ती विचारणार," सर म्हणाले. "मागच्या वेळी मला हे माहीत नव्हतं."

मी त्यांच्या हाताखाली माझी पर्स सरकवली, कोपराला टेकू म्हणून. तेवढं त्यांनी चालवून घेतलं.

आत्याबाई एका डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आल्या. हात पुढे केला, लिंग घेतलं, कपाळाला लावलं, डबीत ठेवलं आणि डबी मिटली. काहीच विचारलं नाही. सर त्यांच्यासमोर तसेच उभे, तळहात अजून उघडा. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"आई, या वेळी मी खाली ठेवलं नाही."

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं. आत्याबाईंचा हात डबीवर थांबला. उघड्या असलेल्या एका डोळ्यानं त्यांनी लेकाकडे बराच वेळ बघितलं.

"मागच्या बारीला मी इचारायलाच नको होतं," त्या म्हणाल्या. "तुला खोटं बोलाय लागलं."