तिसऱ्या पावसाची बाटली

माझी बायको त्रिशला गेली त्या दिवशी मी पैंजणांचा माल आणायला हुपरीला गेलो होतो. शेजारच्या आक्कांचा फोन आला. "दादासो, हाय तसा निघ," एवढंच म्हणाल्या. एसटीत बसल्यावर दुसरा फोन आला, तेव्हा कळलं. हृदय बंद पडलं होतं.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला गटार आहे, तिथं ती पडली होती. मी पोचलो तेव्हा तिला घरात आणलं होतं. पाऊस थांबला होता. गटाराच्या कडेला तिच्या दोन बाटल्या तशाच होत्या. 'वर' लिहिलेली भरलेली, 'खाली' लिहिलेली रिकामी.

त्या बाटल्या कशाच्या, ते सांगतो. आमच्या गल्लीत चांदी उजळायचे पाच कारखाने आहेत. त्यातला एक माझा. चांदीत तांबं मिसळलेलं असतं. दागिना तेजाबात, म्हणजे ॲसिडात, धुतला की वरचं तांबं पाण्यात उतरतं आणि पाणी हिरवट होतं. ते पाणी मी सव्वीस वर्षं गटारात ओतलं. उन्हाळाभर गटारात साचतं आणि पाऊस आला की ओढ्यातून पंचगंगेला जातं.

"पाऊस धुऊन नेतोय की," मी म्हणायचो.

"नेतोय व्हय? कुठं नेतोय ते बी सांगा," ती म्हणायची.

ती कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं मागं लागून गटाराच्या वाटेत नमुन्याला म्हणून एक छोटा हौद बांधून घेतला. त्यात चुना. चुन्यानं पाण्यातला आंबटपणा मोडतो आणि तांबं निळसर गाळ होऊन तळाला बसतं. हौदाच्या आधीचं पाणी 'वर'च्या बाटलीत, हौदातून बाहेर पडणारं 'खाली'च्या. तेही पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या पाव तासात घ्यायचं. सगळी घाण त्या पाण्यातच असते. नंतरचं पाणी घेऊन काही कळत नाही.

गल्लीतले सगळे कारखानदार गणपतरावांचं ऐकतात, त्यांचाही कारखाना इथंच आहे. ते तिला म्हणाले होते, "वहिनी, तीन पावसांचं आकडं दाखवा. मग आम्ही पण आपापल्या दारात हौद बांधतो."

पहिल्या पावसाला वर लिटरमागं नऊ मिलिग्रॅम तांबं, खाली अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. दुसऱ्याला वर आठ, खाली पुन्हा अर्धा. तिसऱ्या पावसात ती गेली.

मी माझं पाणी गटारात सोडायचं बंद केलं, ड्रममध्ये साठवू लागलो. आणि पावसाची वाट बघत बसलो. महिना गेला. रिमझिम यायची, पण गटार वाहील असा पाऊस नव्हता; शेवटी तर बारा दिवस उघडीप होती. मग एका दुपारी आभाळ आलं.

बाटल्या सापडेनात. घर आवरताना बायकांनी कुठं ठेवल्या कुणास ठाऊक. गटार वाहायला लागलं होतं. मी पाण्याच्या ठिकाणचा तांब्या उचलला, पळत जाऊन वरचं पाणी भरून आणलं, आणि मग बाटल्या शोधत बसलो. माळ्यावर सापडल्या. तांब्यातलं पाणी 'वर'मध्ये ओतलं. दुसरी बाटली थेट हौदाच्या तोंडाला धरून भरली आणि तसाच भिजत कॉलेजला गेलो.

त्रिशलाच्या जागी आता संयोगिता काम बघते. तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला.

"काका, वर सोळा, खाली अर्धा! मॅडमचा हौद जबरदस्त चाललाय."

मी लगेच गणपतरावांकडं गेलो. आकडे ऐकून ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "ठरलं मग. सोमवारी गवंडी बोलवू. वहिनी जिंकल्या बघ."

घरी येऊन पाणी प्यायला तांब्या घेतला. ती गेल्यापासून तो कुणी घासला नव्हता, काळा पडला होता. आत बघितलं तर गळ्यापर्यंत लख्ख उजळला होता. त्याच्यावर काळाच. मधे सरळ रेघ. तेजाबातून काय निघालं की असं दिसतं, हे मला कुणी शिकवायला नको. माझा धंदाच तो आहे. मी बाटल्या शोधत होतो तेवढ्यात आंबट पाण्यानं तांब्याचं तांबं खाल्लं होतं. आधी आठ-नऊच येत होतं; सोळातलं निम्मं गटाराचं नव्हतंच.

तसाच परत गणपतरावांकडं गेलो आणि सांगितलं.

"तुला याड लागलंय काय रे? गवंड्याला सांगून झालंय. कुणाला कळणार हाय?"

"मला कळलंय की."

"आरं, हौद चालतोय का न्हाय?"

"चालतोय. पण ह्या आकड्यानं नव्हं. उद्या कुणी पाणी तपासलं आणि वर आठच निघालं, तर म्हणतील बाईनं सगळंच खोटं लिवलंय."

"मग तिसरा पाऊस झाल्याबिगर माझा गवंडी न्हाय. माणसं मलाच विचारणार. तवर आमचं पाणी गटारातच जाणार, सांगून ठेवतो."

"जाऊ दे. ते बी बाटलीत येईल."

"जैनाचं डोस्कं," असं म्हणून ते हसले, पण गवंड्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

घरी येऊन त्रिशलाच्या वहीत मी सोळावर काट मारली आणि शेजारी कारण लिहिलं. दोन्ही बाटल्या तिच्या पद्धतीनं धुतल्या आणि दाराच्या आत खिळ्याला टांगल्या. तांब्या चिंच लावून घासला, आणि पाण्याच्या ठिकाणी स्टीलचा ठेवला.

आज पाच ऑक्टोबर. परतीचा पाऊस अजून यायचा आहे. वहीत दोन पावसांचे आकडे आहेत. तिसऱ्याचे राहिले आहेत.