खिडकीतला हात

सकाळपासून माझा नवरा कॉम्प्युटरवर एकाच विमानाला उजळ करत होता आणि पुन्हा काळं करत होता. धड बसेना, धड उठेना. बाल्कनीत जायचा, परत येऊन स्क्रीनला नाक लावायचा. समोर भाजी निवडता निवडता मला वाटलं, हा आज माझंही डोकं फिरवणार.

विमान त्याच्या ताईचं होतं, म्हणजे ताई त्यात कॅप्टन होती, आयुष्यात पहिल्यांदा. ह्याला हात धरून शाळेत सोडणारी, पहिला कॅमेरा घेऊन देणारी ताई. त्या दिवशी हा विमानतळाच्या कुंपणाबाहेर शिडीवर चढून उभा राहिला, आणि सूर्य नेमका धावपट्टीकडे निघालेल्या विमानाच्या मागे. त्यात हवा धुरकट. फोटोत आकाश पांढरंफटक आणि विमान काळंकुट्ट.

विमानांच्या फोटोंची एक वेबसाइट आहे. ताईच्या बरोबरीचे सगळे वैमानिक ती बघतात, म्हणून हा फोटो तिथेच लागायला हवा होता. तिथले परीक्षक भलतेच कडक. ह्याचा एकही फोटो त्यांनी आजवर घेतलेला नाही. हा फोटोसुद्धा आधी ‘फार काळोखा’ म्हणून परत आला. मग ह्याने सावल्या उजळल्या, आणि कॉकपिटच्या खिडकीत एक उघडा पंजा दिसला. ह्याने मला ओरडून बोलावलं. ताईने हात केला होता. आम्ही दोघंही कितीतरी वेळ बघत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी कांद्यावर ढकललं.

पण उजळल्यामुळे फोटोभर वाळूसारखे दाणे उठले आणि परीक्षकांनी तो पुन्हा परत केला. आता एकच संधी उरली होती, तिसऱ्यांदा नापास झालेला फोटो ते परत बघत नाहीत. दाणे पुसायला घेतले की सॉफ्टवेअर त्या पंजालाही दाणेच समजून पुसून टाकायचं. ह्याने खिडकी तेवढी वगळून पाहिली, तर गुळगुळीत विमानावर ती काच ठिगळासारखी दिसायला लागली. अशी लबाडी परीक्षक लगेच ओळखतात, असं तो म्हणाला. पुसणं कमी केलं, वाढवलं, फोटो लहान केला. कशानेच जमेना.

शेवटी मी म्हटलं, नको पाठवूस, मोठा करून भिंतीवर लावू.

“आणि ताईला काय दाखवू?” तो चिडून म्हणाला.

“हात दाखव.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ह्यातलं काही कळत नाही. मग पाठ फिरवली आणि हात नसलेला फोटो पाठवून दिला. मला त्याचा राग आला, पण त्याची तगमग बघवतही नव्हती.

दुपारी फोटो मंजूर झाला. गडी घरभर नाचला. त्याने ताईला लिंक पाठवली, भाजीचं पातेलं माझ्या हातून काढून घेतलं, आज जेवायला बाहेर जाऊ म्हणाला. मीसुद्धा हसले. इतका खूश मी त्याला क्वचितच पाहिलंय.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ह्याने स्पीकर लावला. ती भरभरून बोलली, सगळ्यांना पाठवला म्हणाली. मग म्हणाली,

“छोट्या, मी खिडकी मोठी करून पाहिली. मी हात केला होता रे. तुला दिसले नाही का मी?”

ह्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“तू शिडीवर दिसलास आणि राहवलंच नाही मला. पहिल्याच दिवशी स्टिअरिंगवरचा हात काढला. शेजारचा को-पायलट बघतच राहिला.” ती हसली. “जाऊ दे. उन्हात कुठलं दिसणार तुला!”

“दिसली होतीस, ताई,” तो म्हणाला. फोन त्याने माझ्या हातात दिला. मी ताईला काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही, कारण माझं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं. तो पुन्हा कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला होता, सकाळपासून पहिल्यांदाच अगदी स्थिर.

फोन ठेवून मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. मंजूर झालेला फोटो काढून टाकण्याची विनंती तो परीक्षकांना करत होता. कारण विचारलेल्या जागी त्याने लिहिलं होतं : ह्या फोटोतून मी माझ्या बहिणीला पुसलं आहे.