फुआतिनोचा न निघालेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे. पोटात मसाला लावलेली काच घातल्याशिवाय मला कुणाचाही चेहरा धरून ठेवता येत नाही. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझा गुन्हा त्यातच आहे.

एक गोरा साहेब मला बोटीतून सामोआ बेटावर घेऊन आला. माझे पितळी कोपरे बघायला गाव लोटायचं आणि मीही फुशारून जायचो.

एके सकाळी फुआतिनो नावाची मुलगी आली, प्रार्थनेचा पांढरा झगा घालून. जहाजावर गेलेल्या भावाला तिला आपला फोटो पाठवायचा होता. साहेब म्हणाला, आधी माझ्या मनासारखा, मग तुझा. त्याने तिला झगा सोडून झाडाच्या सालीचं कापड नेसायला लावलं आणि कुठून तरी मिळवलेला केसांचा, शिंपल्यांचा उंच मुकुट पुढे केला. त्या बेटावर तो सरदाराच्या लेकीनेच घालायचा असतो.

"हा माझा मान नाही, साहेब. माझा बाप मासेमार आहे."

"मिनिटभर घाल. कुणाला कळतंय?"

शिल्लक दोन काचा होत्या. दोन्ही मुकुटावरच संपल्या. मग ती झगा घालून आली. साहेबाने नुसतंच झाकण उघडलं, मिटलं. ती श्वास रोखून माझ्याकडे बघत होती, समोर भाऊच उभा असावा तशी. आणि मी रिकामा होतो.

मुकुटाचा फोटो बंदरावरच्या दुकानात लागला. खाली छापलं होतं, 'सरदारकन्या'. बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागतो? रिवाजाप्रमाणे तिचा बाप सेफो बारीक विणीची चटई डोक्यावरून पांघरून सरदाराच्या दारात माफीसाठी बसला. सरदाराने मनात आणलं असतं तर त्याचा जीवही गेला असता. ऊन चढलं, तशी फुआतिनोही चटईखाली शिरली. साहेबाला तेही दृश्य हवं होतं, म्हणून मी समोरच उभा होतो.

अखेर सरदाराने चटई उचलली.

"ऊठ, सेफो. पाप दुसऱ्याचं, आणि चटईखाली तू." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "याला चटई पुरायची नाही."

आता मी संग्रहालयात धूळ खातो. मध्यंतरी फुआतिनोची नात आली होती.

"आजीचा पांढऱ्या झग्यातला फोटो साहेबाने काढला होता म्हणे. बघता का जरा?"

तिथल्या माणसाने सगळी खोकी उपसली. तो कुठून सापडणार?

मित्रांनो, तुमच्या खिशात आता माझीच नातवंडं आहेत. समोरच्याला आधी विचारा, आणि त्याला जसं दिसायचं आहे तसंच त्याला टिपा. मला चटई पांघरता येत नाही, म्हणून तुमच्या दारात एवढं बोललो.